वळचणीची रेघ

मुंबईहून मी परतले तेव्हा माझी परीक्षा संपली होती आणि मी अजून कोणीही झाले नव्हते. वास्तुकलेची पदविका हाती पडायची, तर एखाद्या जाणत्या वास्तुविशारदाच्या हाताखाली वर्षभर उमेदवारी केल्याचा दाखला लागे. ज्या ज्या कार्यालयांचे जिने मी चढले, तिथे तिथे अदबीने चहा पाजून मला परत पाठवण्यात आले. एका गृहस्थांनी तर माझे आराखडे उलगडायच्या आधीच, खिडकीबाहेर पाहत विचारले, "लग्न ठरलंय का?" वसतिगृहाची खोली सोडावी लागली. रेघा आखायचा लांब लाकडी टी-स्क्वेअर ट्रंकेत मावेना, म्हणून तो काठीसारखा हातात धरून मी गाडीत बसले. गोंदियाच्या फलाटावर एका हमालाने तो न्याहाळला आणि शेजारच्याला खात्रीने सांगितले, "धान फैलाने का है, नया निकला है." मला हसू यायला हवे होते.

नागपूरच्या एका वास्तुविशारदांनी मात्र दार पुरते लावून घेतले नव्हते. ते म्हणाले होते, "कागदावर सगळेच चांगलं काढतात. बाईमाणसाला कामावरची माणसं जुमानतील का, हा माझा प्रश्न आहे. तुमच्या भागात काहीतरी बांधायला घ्या. आराखडा तुमचा, देखरेख तुमची. चैत्रात मला रायपूरला जायचंय, तेव्हा वाकडी वाट करून बघून जाईन. पटलं तर उमेदवारीला घेईन." त्या एका वाक्यावर मी तो हिवाळा काढला.

चिचगडच्या जंगलाच्या अलीकडे आमचे गाव. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधली. कोणती बोडी, म्हणजे कोणते लहान तळे, कोणाच्या आज्याने बांधली हे आमच्याकडे वंशावळीसारखे तोंडपाठ असे. वडील गेल्यापासून घराचा कारभार त्यांच्या थोरल्या भावाकडे, मोठ्याबाबांकडे होता. मला शिकायला पाठवले ते त्यांनीच, आणि एक स्थळ सांगून आले होते त्यांना "पावसाळ्याच्या तोंडी सांगतो" असे थोपवून धरले होते तेही त्यांनीच. त्यापुढे ते थोपवणार नव्हते. हे त्यांनी बोलून दाखवले नाही. पण जेवताना माझ्या ताटाकडे न पाहता ते भात कालवत राहत, तेव्हा मला ते ऐकू येई.

गावाला शाळा हवी होती. लोक श्रमदानाला तयार होते. मातीच्या भिंती, वर कवेलूंचे, म्हणजे कौलांचे छप्पर, आणि चहूबाजूंनी हातभर पुढे आलेली वळचण असा आराखडा मी केला. आमच्याकडचा पाऊस तिरपा येतो आणि आला की मुक्काम करतो. वळचण आखूड असली तर मातीची भिंत दोन पावसाळ्यांत साखरेसारखी विरघळते. म्हणून भिंतीच्या बाहेर, छप्पर कुठवर येईल ते दाखवणारी एक तुटक रेघ मी मोठ्या प्रेमाने ओढली होती. संबंध आराखड्यात मला तीच रेघ कवितेसारखी वाटे: जिथे काहीच उभे राहणार नव्हते, फक्त सावली पडणार होती.

छपराचे वासे कापून आणायला मी गोंदियाला गेले. आरागिरणीत सागाचा ओला, तुरट वास कोंदला होता आणि करवतीच्या आवाजाने दात शिवशिवत होते. मापे मी स्वतः उभी राहून घेतली. मालक सारखा म्हणत होता, "आदमी को भेज देते बहनजी." माझ्या मापाने वासे कापले गेले, गाडीत चढले, आणि त्यांच्यावरच बसून मी गावाकडे निघाले. ती माघातली सकाळ मला अजून जिभेवर आठवते: धुक्याला चुलीच्या धुराची चव होती, आणि बऱ्याच महिन्यांनी मला भूक लागली होती.

शाळेच्या जागेवर माणसे जमलेली दिसली. जमिनीवर राखेची रेघ पडली होती, आणि तिच्यावरून चर खणायला सुरुवातही झाली होती.

आमच्याकडे तळ्याची पाळ घालायची, तर घरातला वडीलधारा माणूस अनवाणी चालत सुपातून राख सोडत जातो. ती रेघ पडली की मग हलत नाही. ती पाण्याला दिलेली जबान समजतात. मुहूर्त त्या सकाळचा निघाला, मी पोहोचले नव्हते, आणि आराखडा मोठ्याबाबांजवळ होता. पाळ बांधणारा माणूस नेहमी बाहेरून आत येतो: पाळीचा पायथा जिथे संपतो ती सर्वांत बाहेरची रेघ, आणि काम तिथून सुरू होते. त्यांनी माझ्या कागदावरची सर्वांत बाहेरची रेघ शोधली आणि ती जमिनीवर उतरवली.

ती वळचणीची रेघ होती.

मी उभ्या उभ्या हिशेब केला. भिंती या रेघेवर आल्या, तर माझे वासे भिंतीच्या माथ्यावर पोहोचून तिथेच संपणार होते. वळचण उरणारच नव्हती. लाकूड कापून झाले होते, जंगलातून दुसरे मिळणार नव्हते. पहिल्या पावसाळ्यात भिंती भिजतील, दुसऱ्यात बसतील, आणि आत पोरे असतील.

"मोठेबाबा, ही भिंतीची रेघ नाही," मी म्हणाले. "हे छप्पर आहे. भिंत आत यायला हवी."

"छप्पर भुईवर कायले काढलं मंग?" त्यांनी शांतपणे विचारले.

"ते वरून पाहिल्यासारखं असतं."

"वरून कोन पाह्यते? घारी?"

चरात उतरलेली माणसे हसली. एक जण कुदळीला टेकून म्हणाला, "शाळा मोठी झाली, पोरांले जागा जास्त भेटन. तू काऊन रडून राह्यली वो बाई?"

तोवर मी रडत नव्हते.

रेघ बदला, असे मी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत म्हणाले. दर वेळी मोठ्याबाबांचा चेहरा अधिक मिटत गेला. शेवटी ते म्हणाले, "पोरी, पडलेली रेघ माह्या बापानं हलवली नाही. मी हलवली तं उद्या कोनत्या पाळीवर मले कोन उभं करन?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला वाट दिसेना. माझ्या आयुष्याचा दोर ज्यांच्या हाती होता, त्यांचेही काही त्याच रेघेला बांधलेले होते.

मी चराच्या काठावर बसले. उकरलेल्या मातीतून गार, लोखंडी वास येत होता. माणसे भाकरी खायला गेली. चार कमानी आणि घुमट काढून गुण मिळवले होते मी, आणि एका तुटक रेघेपाशी माझे सगळे शिक्षण संपले होते. मग बसल्या बसल्या ध्यानात आले, की मी ज्या काठावर बसले आहे तिथे बसायला बरे वाटते आहे. रेघ तशीच ठेवायची. तिच्यावर भिंत नाही, जोते उचलायचे. भिंत आत, तिच्या जागी, वेगळ्या पायावर. भोवती हातभर ओटा राहील, वर वळचण येईल.

मोठ्याबाबांना मी काडीने मातीत काढून दाखवले. त्यांनी बाहेरच्या रेघेवरून बोट फिरवले.

"रेघ राह्यते?"

"राहते."

"मंग खना."

फाल्गुनभर काम चालले. मातीच्या भिंतीचा एक थर घालायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. माती तुडवणाऱ्या पायांचा तो ओला, दमदार आवाज मी दिवसभर ऐके आणि मनाशी म्हणे, पोहोचेल, वेळेत पोहोचेल. भिंती छातीपर्यंत आल्या तेव्हा चैत्र लागला, मोहाचा गोड, जड वास गावावर उतरला, आणि नागपूरचे साहेब बैलगाडीतून उतरले.

त्यांनी टेप काढला. माझा आराखडा उघडला. भिंती मोजल्या आणि मान हलवली. भिंती बरोबर होत्या. मग ते ओट्यापाशी थांबले.

"हे जोतं एवढं बाहेर का? आराखड्यात नाही."

मी बोलायला तोंड उघडले. उत्तर माझ्याजवळ तयार होते: पावसाचे थेंब, भिंतीचा पाया, पोरांना बसायला जागा. सगळे खरे होते. पण मोठेबाबा डोक्याचे पागोटे सारखे करत पुढे झाले. माझ्यावर ठपका येतो आहे एवढेच त्यांना कळले होते, आणि आपली माणसे ते कधी उघड्यावर सोडत नसत.

"तिले काही म्हनू नोका साहेब," ते म्हणाले. "रेघ मी टाकली. पोरगी तं नाहीच म्हनत होती. रडली बी. म्या हलू देल्ली नाही."

साहेब त्यांच्याकडे आदराने पाहत राहिले. टेप हळूहळू गुंडाळत त्यांनी मला बाजूला बोलावले. "बाई, तुम्ही मार्ग काढलात तो चांगला आहे. खरंच चांगला आहे. पण मला बघायचं होतं ते त्यांनीच सांगितलं. तुमच्या घरची माणसं तुमचं ऐकत नाहीत, तर माझे ठेकेदार काय ऐकतील?"

साहेबांनी पन्हे घेतले, गुळाची तारीफ केली, आणि छोट्या रेल्वेगाडीची वेळ गाठायला निघून गेले.

बैलगाडीची धूळ बसेपर्यंत मोठेबाबा माझ्याजवळ उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर एखादे जोखमीचे काम नीट पार पाडल्याचे समाधान होते.

"काय म्हनलं साहेबानं?"

"काम चांगलं आहे म्हणाले."

"मी सांगतलं म्हनून बरं झालं. नाही तं तुह्यावर आलं असतं."

"हो."

त्यांनी भिंतीवर पालथा हात ठेवला, माती किती वाळली ते पाहिले. मग, हात तसाच ठेवून, त्यांनी मला विचारले, "उद्या पुढचा थर टाकू का?"

मीही हात ठेवून पाहिला. वरून ऊन होते, आत अजून ओल होती.

"परवा," मी म्हणाले.

ते मान डोलावून माणसांना तसे सांगायला गेले. मी तिथेच ओट्यावर बसले. परवापर्यंत मला कुठेच जायचे नव्हते, आणि परवानंतरही.