भरती-ओहोटीचं गाऱ्हाणं

ऑनलाइन तासात मुलांना विषयावर ठेवणं मला छान जमतं, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं.

त्याची परीक्षा त्या दिवशी होती. शिकवणीच्या मोठ्या मॅडम माझ्या नववीच्या तासाला गुपचूप बसणार होत्या आणि मुलं भरकटली तर माझी नोकरी संपली! (मुंबईहून नवऱ्याने ‘काळजी करू नको’ असा मेसेज पाठवला होता, म्हणजे काळजी करण्यासारखं होतंच.) घरात कडक बंदोबस्त केला. कुकर बंद, कोंबड्या मागच्या परड्यात आणि सासरे, म्हणजे आमचे बाबा, ओटीवर गप्प.

“सांगा, ओहोटी का लागते?” मी विचारलं.

सगळ्यांचे माइक बंद. शेवटी गण्या बोलला, “बाई, तिसऱ्यो गावाक होयत म्हणान!”

झालं! ओहोटीत सापडणाऱ्या या शिंपल्यांचं नाव निघताच फटाफट माइक उघडले. कुणाच्या खाडीतल्या तिसऱ्या मोठ्या, कुणाच्या तिसऱ्यांत रेती! मी “विषयावर या, विषयावर या” करतेय, तोच एक मुलगी म्हणाली, “आमी तिसऱ्यांत बटाटो घालतो.”

“बटाटा?” मी किंचाळले. (माणसाने किती सहन करायचं!) “अगं, सुकं करायचं! भरपूर ओलं खोबरं, वरून दोन कोकमं...”

मीठ घालेपर्यंत मी पोचले आणि पडद्यावर मॅडमांचं नाव दिसलं. “तर, चंद्र...” एवढंच म्हटलं आणि पुढचं काही आठवेना. डोळ्यांत पाणी आलं.

बाबांनी ते दाराआडून पाहिलं. लग्न असो की होडी पाण्यात लोटायची असो, देवाला गाऱ्हाणं घालायला अख्खा गाव बाबांना बोलावतो आणि त्यांच्या प्रत्येक ओळीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. ते सुनेसाठी गप्प बसणार? नारळ घेऊन माझ्यामागे उभे!

“बाबा, नको!”

“तू गप ऱ्हव गो! बा देवा म्हाराजा! चंद्र-सूर्याच्या ओढीन भरती येता, ह्यां पोरांच्या टकल्यात शिरांदे रे म्हाराजा!”

हजेरीलाही तोंड न उघडणारी मुलं एका सुरात गरजली, “व्हय म्हाराजा!”

“गण्याचा ध्यान तिसऱ्यांवरसून चंद्रार जांवदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” (यात गण्याही होता.)

“आणि गुपचूप बसान जी मॅडम बघता, तिका माज्या सुनेक काढूची बुद्धी होवची नाय रे म्हाराजा!”

मी डोळे गच्च मिटले.

“व्हय म्हाराजा!” या वेळी मुलांत एक पोक्त बायकी आवाजही होता. मॅडम इकडच्याच, सवयीने तोंडातून गेलं त्यांच्या!

मग मॅडम खाकरल्या आणि अगदी शुद्ध मराठीत म्हणाल्या, “मुलांचा सहभाग उत्तम आहे. यापुढे तास यांनीच सुरू करून द्यावा.”

नोकरी टिकली. बाबा रोज गाऱ्हाणं घालतात आणि मुलं खरोखर विषयावर राहतात. फक्त बाबांनी स्वतःच्या मनाने शेवटी एक ओळ वाढवली आहे, “आणि माज्या सुनेकय विषयार ठेव रे म्हाराजा!”

सगळ्यात मोठ्ठा ‘व्हय म्हाराजा’ त्यालाच येतो.