इनास मेस्त्री बरोबर होता

इनास मेस्त्री गेल्याची बातमी मला दुकानातच कळली. दुपारची वेळ होती, मी एका गिऱ्हाइकासाठी बिजागऱ्या काढत होते. मागच्या इमारतीत फर्निचरचं काम करणारा एक सुतार आत आला आणि म्हणाला, "वहिनी, कळलं का? गास गावचे इनास मेस्त्री काल गेले. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं." मी "हो का?" म्हटलं आणि गिऱ्हाइकाला विचारलं, "तीन इंची देऊ की चार?" तो सुतार माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बाईला धक्का बसलाय असं त्याला वाटलं असावं. मला कसलाही धक्का बसला नव्हता. उद्यापासून हा माणूस माझ्या दुकानावरून जाणार नाही, एवढाच विचार माझ्या मनात आला आणि त्याने मला बरं वाटलं.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थनेची मिस्सा झाली, लोक चांगलं बोलले. असा सुतार वसई तालुक्यात पुन्हा होणार नाही, असं म्हणाले. त्यावर माझं काही म्हणणं नाही. त्याने केलेला दरवाजा तीस पावसाळ्यांनंतरही बोटाने ढकलला की मिटतो. पण त्या दरवाजांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्याला तोंडावर 'तुम्ही' म्हणत असे आणि मनात 'तो'. आज मनातलंच लिहिते.

आम्ही विरारला राहायला आलो आणि दोन वर्षांत ह्यांची कंपनी बंद पडली. चारी बाजूंना इमारती उठत होत्या, प्रत्येक फ्लॅटमध्ये कपाटं, पलंग, किचनचे ट्रॉली-कप्पे बनत होते. म्हणून शहाण्णव साली आम्ही तळमजल्यावर हार्डवेअरचं दुकान काढलं. ह्यांना पाठीच्या दुखण्यामुळे उभं राहवत नसे, त्यामुळे काउंटरला मी. खिळा कुठला आणि स्क्रू कुठला एवढंच मला कळत होतं. उघडून आठवडा झाला असेल, तेव्हा हा आला. उंच, काटक, कानावर पेन्सिल, हातात सायकलची किल्ली. "लाकडाला भोक पाडायचा दहाचा बिट दाखवा." मी पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक सोनेरी, झगमगीत ड्रिल बिट काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उजेडात धरला, मग काउंटरच्या काचेवर ठेवून बोटाने लोटला. बिट लंगडत गेला, मधून थोडा वाकडा होता. "बाई, याचं टोक कुठाय?" मी म्हटलं, "हे काय पुढे आहे की!" दुकानात चार सुतार उभे होते. तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, "लोखंडाला भोक पाडायचा बिट लाकडाला देतायत. वर सोनं चढवलंय. बांगड्यांचं दुकान काढलं असतं तर चाललं असतं." चौघेही हसले. बिट तसाच काचेवर टाकून तो निघून गेला... काय चुकलं ते मला सांगितलं नाही. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

पुढची दोन वर्षं हेच चाललं. तो यायचा, काहीतरी मागायचा, मी दिलेलं नाकारायचा आणि जाताना एक वाक्य टाकून जायचा. खरेदी तो मुंबईहूनच करायचा, माझ्याकडे यायचा तो फक्त बोलायला. अठ्ठ्याण्णव साली माझ्याकडे बारीक बिटांचा एक नवा लॉट आला. दिसायला छान, पाकिटावर हायस्पीड स्टील म्हणून छापलेलं. संध्याकाळची गर्दी होती. याने एक पाच मिलिमीटरचा बिट घेतला, पिशवीतून स्वतःचं ड्रिल मशीन काढलं, माझ्या प्लगमध्ये जोडलं आणि मला न विचारता माझ्याच सागवानी काउंटरवर टेकवलं. मी "अहो, अहो!" म्हणेपर्यंत धूर निघायला लागला. लाकूड करपल्याचा वास दुकानभर पसरला. त्याने बिट बाहेर काढून सगळ्यांना दाखवला, टोक तापून निळं पडलं होतं. "बघा. हे हायस्पीड. हा लाकूड कापत नाही, भाजतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाईमाणसाने लोखंड विकू नये." लोक हसले नाहीत, एवढंच काय ते बरं. मी मात्र त्या क्षणी ठरवलं की हा लॉट मी परत करणार नाही. त्याच्या नाकावर टिच्चून शेवटच्या नगापर्यंत विकणार.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना माझा हात थांबतो... रघुनाथ नावाचा एक सुतार माझं नेहमीचं गिऱ्हाईक होता. राजापूरकडचा, शांत, विश्वासू. तेव्हा तो गासमध्येच एका वाडीवाल्यांच्या घरी जेवणाचं टेबल करत होता, इनासच्या कारखान्यापासून दोन घरं सोडून. काउंटरच्या प्रकारानंतर आठ-दहा दिवसांनी तो आला आणि पाचचा बिट मागितला. मी त्याच लॉटमधला काढला. त्याने उलटसुलट करून पाहिला. "वहिनी, बरा आहे ना हा? जुनं सागवान आहे, कडक आहे." मी म्हटलं, "एकदम बरा." त्याच दिवशी टेबलाच्या पायाला भोक पाडताना बिट जाईना, म्हणून त्याने जोर दिला. बिट मोडला. मशीनमध्ये राहिलेला तुकडा फिरता फिरता पाय धरलेल्या डाव्या हातात घुसला. शीर तुटली. हात शिवला, पट्ट्या झाल्या, व्यायाम झाले, पण मधली दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनास माझ्या दुकानासमोर सायकल लावून उभा राहिला. आत आला नाही. रस्त्यावरूनच मोठ्याने म्हणाला, "बाई, झालं समाधान?" मी मान वर केली नाही. त्याचं बरोबर होतं. म्हणूनच तो मला आणखी नावडता झाला, हे मी मान्य करते.

दोन महिन्यांनी रघुनाथला काम मिळेना तेव्हा मी स्वतः गासला गेले. कारखाना म्हणजे इनासच्या घराला लागून पत्र्याची एक मोठी खोली. त्याने मला अंगणातच थोपवलं. त्याची बायको रेजिनाबाय पाणी घेऊन आली, तर त्याने तिला हातानेच आत जायला खुणावलं. ती तांब्या घेऊन परत गेली.

मी म्हटलं, "मेस्त्री, चूक माझी आहे, रघुनाथची नाही. त्याला तुमच्याकडे पॉलिशला तरी घ्या."

"आठ बोटांचा सुतार मला नको."

"पॉलिशला आठ बोटं पुरतात."

"ज्याला हातातला बिट ओळखता येत नाही, त्याला मी लाकडाला हात लावू देत नाही."

तेव्हा मला राहवलं नाही. "तुम्हाला माहीत होतं तो लॉट वाईट आहे. माझं काउंटर जाळून सगळ्या विरारला दाखवलंत. रघुनाथ इथे, दोन घरांपलीकडे काम करत होता. त्याला एक शब्द का नाही बोललात?"

त्याने कानावरची पेन्सिल काढली, टोक बघितलं आणि पुन्हा कानावर ठेवली. "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

हे वाक्य मी नऊ वर्षं विसरलेले नाही. त्याच्या कारागिरीचं कौतुक कानावर पडलं की मला आधी हेच वाक्य ऐकू येतं.

त्या लॉटमधले उरलेले बिट मी रघुनाथसमोर एका डब्यात भरून भंगारात दिले. मग त्याला म्हटलं, "तू माझ्याकडे काउंटरला ये. आपण दोघं मिळून शिकू." तो आला. पुढचं वर्षभर आम्ही नवा माल आला की शटर अर्धं ओढून एकेक बिट तपासत बसायचो. लाकडाच्या बिटाला मधोमध सुईसारखं टोक हवं, म्हणजे तो खुणेवरून सरकत नाही. टोकाच्या दोन्ही बाजूंना धारदार कडा हव्यात आणि त्या सारख्या उंचीच्या हव्यात, नाहीतर भोकाच्या तोंडाशी लाकूड उसवतं. भुसा बाहेर काढणाऱ्या खाचा आतून गुळगुळीत हव्यात, खरखरीत असल्या की भुसा अडकतो, बिट तापतो आणि तापला की मरतो. वरच्या सोनेरी रंगाला काही अर्थ नाही, कानशीने घासून बघावं. कानस नुसती घसरली तर पोलाद कडक, ओरखडा उठला तर पाकिटावर काहीही छापलेलं असो, माल परत. हे सगळं आम्ही चुकत, बिट वाया घालवत, रघुनाथच्या आठ बोटांनी शिकलो. पुढे नालासोपाऱ्यापासून सुतार बिटासाठी आमच्याकडे यायला लागले. प्रत्येक गिऱ्हाइकाला रघुनाथ विचारल्याशिवाय सांगायचा. लाकूड कुठलं, भोक किती खोल, मग कुठला बिट आणि जोर किती द्यायचा. कधी कधी लोक कंटाळायचे, तरी सांगायचा.

दोन हजार चार साली इनास पुन्हा दुकानात आला. गुडघे गेले होते, मुंबईला जाणं जमत नव्हतं. डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. त्याने आठचा बिट मागितला. माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे... मी तीन बिट काढून काचेवर ओळीने ठेवले. दोन लोखंडाचे, एक लाकडाचा. "घ्या ओळखून, मेस्त्री." दुकानात गिऱ्हाइकं होती, ते मी आधीच पाहून घेतलं होतं. त्याने एकेक बिट डोळ्यांजवळ नेला, अंगठा फिरवला. बराच वेळ गेला. मग त्याने एक उचलला. लोखंडाचा. सहा-सात वर्षं मी याच घटकेची वाट पाहत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रघुनाथ आतून आला, त्याच्या हातातला बिट काढून घेतला आणि दुसरा ठेवला. "हा घ्या, मेस्त्री. तो लोखंडाचा." इनासने रघुनाथच्या ताठ बोटांकडे पाहिलं. बिट खिशात घातला आणि पायऱ्या उतरून गेला.

मी रघुनाथवर चिडले. "कशाला मध्ये पडलास?"

"वहिनी, चुकीचा नेला असता तर त्याचा हात गेला असता."

"गेला असता तर गेला असता."

त्या दिवशी रघुनाथ माझ्याशी बोललाच नाही. मला माझी लाज वाटली, पण तिच्यामुळे इनासवरचा राग कमी झाला असं मात्र नाही. दोन्ही गोष्टी आजही माझ्याजवळ आहेत.

मिस्सेनंतर पंधरा दिवसांनी रेजिनाबायचा निरोप आला, हत्यारं बघायला या, कुणाला काय द्यायचं ते सांगा. रघुनाथ गावाला गेला होता, म्हणून मी एकटीच गेले. त्या पत्र्याच्या खोलीत माझं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. माझ्याबरोबर साठ-बासष्ट वर्षांची, पांढरे केस घट्ट बांधलेली रेजिनाबाय. ती दारातच घुटमळली. म्हणाली, "मीपण आत कधी येत नव्हते, बाय. झाडायलासुद्धा नाही. चाळीस वर्षं खिडकीतनं बघितलं फक्त." आत सगळं इतकं जागच्या जागी होतं की माणूस चहाला उठून गेलाय असं वाटावं. टेबलावर लाकडाचा एक ठोकळा होता. त्यात मापाप्रमाणे भोकं, आणि प्रत्येक भोकात एकेक बिट उभा.

मी हत्यारांच्या किमती, नावं काहीतरी सांगायला लागले. ती ऐकतच नव्हती. भिंतीला लागून एक लाकडी पट्टी ठोकलेली होती, तिच्याकडे बघत म्हणाली, "इथे मला एक खुंटी हवीय. माझी छत्री लावायला. किती वेळा सांगितलं त्याला. म्हणायचा, ही खोली छत्र्यांसाठी नाही." मग तिने कमरेला खोचलेली एक खुंटी सहज काढली, ती कुठल्या तरी फांदीची, स्वतः तासलेली होती. मी म्हटलं, "मशीन चालवता येतं?" ती म्हणाली, "तू खुंटी धर. मी चालवते." मी बिट निवडायला हात पुढे केला, तर तिने माझ्या आधीच ठोकळ्यातून एक उचलला. खुंटीला लावून माप बघितलं, मधलं टोक अंगठ्याने तपासलं आणि मशीनमध्ये घट्ट बसवला. बरोबर तोच, जो मी निवडला असता. भोक सरळ, स्वच्छ गेलं, कडेला एक कुसळसुद्धा निघालं नाही. तिने खुंटी ठोकली. छत्री लावली. दोन पावलं मागे जाऊन पाहिली.

मग तिने बिट काढला, फुंकून भुसा उडवला, तेलाच्या फडक्याने पुसला आणि ठोकळ्यात त्याच्या भोकात घाईघाईने उभा केला. "जागेवर नसला तर ओरडतो," ती मला म्हणाली. आणि बोलून गेल्यावर तिने दाराकडे पाहिलं.

खोलीत आम्ही दोघीच होतो. थोड्या वेळाने तिने तो बिट पुन्हा उचलला आणि टेबलावर आडवा टाकला. तो घरंगळत कडेपर्यंत गेला आणि थांबला. मी सवयीने उचलायला गेले.

"राहू दे तिथंच," रेजिनाबाय म्हणाली.

आणि आम्ही दार ओढून घेतलं.