तीन दिवसांचं सुतक

बाबा मंगळवारी गेले आणि शनिवारी मी एका सागरी संग्रहालयात फरशीवर बसून रांगोळीचं गलबत काढत होते. व्हिसाची कागदपत्रं अडकलेली. भारतात गेले असते तर परत येता आलं नसतं. भावाने अग्नी दिला तो मी जर्सी सिटीतल्या स्वयंपाकघरात फोनवर बघितला. मध्येच नेटवर्क गेलं, तेवढ्यात मी कणीक मळून घेतली. रडू आलं नाही.

संग्रहालयात दक्षिण आशियाई संस्कृतीचा कौटुंबिक दिवस होता. रांगोळीचा कोपरा मी महिन्याभरापूर्वीच अंगावर घेतला होता आणि लेक लेझीम खेळणार होती. शुक्रवारी मी आमच्या मंडळाच्या काकूंना नाही म्हणायला फोन केला. काकूंना डोहाळजेवणापासून तेराव्यापर्यंत सगळं तोंडपाठ. "अगं, लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवसांचं सुतक," त्या मायेने म्हणाल्या. "तुझं आज फिटलं. कॅन्सल नको करूस. ये, मन रमेल."

सुतक-बितक मी कधीच मानलं नाही. त्यावरून बाबांशी कडाक्याची भांडणंही केली होती. आता कुठल्या तोंडाने हुज्जत घालणार? मी बरं म्हणाले.

तर गलबत. शेजारी माणसाएवढा गंजका नांगर, भिंतीवर जुन्या बोटींवरच्या आपल्याकडच्या खलाशांचे फोटो. लोक येत होते, "ब्युटिफुल" म्हणत होते, मी हसत होते. मुलांच्या चिमटीत रांगोळी देत होते. समोसे आले, मी दोन खाल्ले. चव कळली नाही, पण खाल्ले. बाबांच्या फोनमध्ये जर्सी सिटीचं हवामान असायचं. मी खिडकी उघडण्याआधी साताऱ्याहून स्वेटर घालायचा हुकूम सुटायचा. चार दिवस मी बाहेर किती थंडी आहे ते बघितलंच नव्हतं. हे आठवलं तेव्हाही काहीच वाटलं नाही. दात काढल्यावर गाल जसा आपला नसतो, तशी मी अख्खी झाले होते.

लेझीम संपवून लेक घामाघूम येऊन बसली. तेवढ्यात काकू आल्या. सोबतच्या बाईंनी मला बघून भुवया उंचावल्या, तशी काकूंनी तत्परतेने खुलासा केला, "नाही हो, हिचं फिटलंय. मुलीला तीन दिवस. मुलाला दहा."

लेकीने मान वर केली. "आई, सो व्हेन यू डाय, आय गेट थ्री डेज?"

"लग्न केलंस तर," मी म्हणाले.

"बट दॅट्स नॉट इनफ."

काकू हसल्या. "अगं, आपल्यात तसंच असतं बाळा." मग मला म्हणाल्या, "शिडात जरा केशरी भर, उठून दिसेल."

मी केशरी रंगाची वाटी उचलली. चिमूट भरली, पण हात खाली जाईना. ज्या गोष्टीवरून जन्मभर बाबांशी भांडले, तीच मला हवी होती, भावाइतकी, पूर्ण.

"काकू," मी म्हणाले, "मला नाही जमणार. माझे बाबा गेलेत. मी सुतकात आहे."

वाटी खाली ठेवली आणि तिथेच, सगळ्यांदेखत, मोठ्याने रडले.