न कापलेला दोर

दाजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजराची गरज नव्हती. बराकीतल्या शंभर माणसांना नळ सहा आणि पाणी तासभर, त्यामुळे चार वाजता कुणाच्या तरी कानाखाली वाजायचीच. त्या आवाजाने तो उठायचा, बादली उलटी करून डोक्यावर धरायचा आणि गर्दीत शिरायचा. बादली उलटी यासाठी, की रांगेत पहिला घाव डोक्यावर बसतो. परमुलखात आल्यावर पहिल्या आठवड्यातच तो हे शिकला होता. डाव्या भुवईवरची टाक्यांची खूण तेव्हाची.

त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. मेहुणा त्याला दाजी म्हणायचा, म्हणून सगळी खोलीच म्हणू लागली. खोलीत एक पेंटर होता, जिभेला हाड नसलेला. तो म्हणायचा, "बायको एक आणि मेहुणे दहा. दाजी, तुमच्यासारखा सासुरवाशी जावई जगात नाही."

काम जहाजं दुरुस्त करण्याच्या यार्डात. वर्षभर तीच हवा, अंगाला चिकटणारी. लोखंडी पत्रा दुपारी असा तापायचा की हातमोज्यातून चटका बसायचा. दाजी रिगर होता, म्हणजे क्रेनने जे काही उचलायचं त्याला तारेचा दोर बांधणारा. वजन कुठे आहे, कुठून उचललं तर कुठे कलेल, हे त्याला बघून कळायचं. यात जादू काही नव्हती. आधी शंभरदा चुकीच्या जागी बांधून, शंभर शिव्या खाऊन ते आलं होतं.

मेहुण्याला यार्डात त्यानेच आणलं. निघताना बायको भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली होती, "जसा नेताय तसा आणून द्यायचा. दोन हात, दोन पाय. मी मोजून घेणार आहे."

"व्याजासकट देतो," दाजी म्हणाला होता.

"व्याज नको. मुद्दल द्या."

म्हणून मेहुण्याला त्याने स्वतःच्या हाताखाली घेतलं आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट पक्की केली. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही. आणि दोराची एखादी जरी लड तुटली असेल, तर तो दोर बाजूला ठेवायचा नाही, गॅस कटरने मधोमध कापायचा. बाजूला ठेवलेला दोर घाईच्या वेळी कुणीतरी उचलतोच. कापलेला कुणी उचलत नाही.

"म्हणजे अख्खा दिसला की चांगला?" मेहुण्याने विचारलं.

"माझ्या गोदामात, हो."

हे बोलणं मेहुण्याने देवाच्या शब्दासारखं धरलं.

मुकादमाला मात्र ही पद्धत डोळ्यांत सलायची. नवे दोर मागवले की वरचे साहेब त्याला झापायचे, आणि तो खाली येऊन माणसांवर राग काढायचा. त्याच्या हातात रबरी पाइपाचा हातभर तुकडा असायचा. बोलण्याआधी पाइप, बोलल्यानंतरही पाइप. एकदा त्याने एका फिटरचं मनगट मोडलं होतं आणि वर त्यालाच विचारलं होतं, "हात मध्ये कशाला घातलास?"

त्या वर्षी पावसाआधी काम अंगावर आलं होतं. दाजीने एक दोर तपासला, फासाजवळ लडी तुटलेल्या दिसल्या, आणि त्याने तो कापला. मुकादम धावत आला.

"नवे यायला महिना आहे. कुणाच्या परवानगीने कापलास?"

"दोराच्या," दाजी म्हणाला. "त्यानेच सांगितलं."

आजूबाजूचे हसले. तेच नडलं. पाइप पहिला मानेवर बसला, मग पाठीवर, मग पाठीवरच. दाजी गुडघ्यावर आला तरी मुकादम थांबेना. मेहुणा हातात लोखंडी पहार घेऊन झेपावला. दाजीने तशाच अवस्थेत उठून त्याची कॉलर धरली आणि सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत दिली, पूर्ण ताकदीने. मेहुण्याच्या ओठातून रक्त आलं. पहार खाली पडली.

"त्यांनी मारलं तुम्हाला आणि तुम्ही मला मारता?"

"तू त्याला मारलंस तर तुरुंगात जाशील. मी तुला मारलं तर जेवायला येशील. चल."

आठवड्याने आणखी एक दोर खराब निघाला. दाजीची पाठ अजून काळीनिळी होती, झोपायचा तो पालथा. त्याने कटर हातात घेतला आणि परत ठेवला. दोराचं वेटोळं करून गोदामातल्या आपल्या कपाटामागे सरकवलं. नवे आले की कापू. तोवर दिसणार नाही, वापरला जाणार नाही आणि पाठही वाचेल. मार खाल्लेल्या माणसाला अशी अक्कल सुचते.

यार्ड वर्षातून एकदा तीन दिवस बंद असे. एरवी दाजी ते झोपण्यात घालवायचा. या वर्षी बेत वेगळा होता. बायको पुढच्या महिन्यात येणार होती, आयुष्यात पहिल्यांदा विमानाने, आठ दिवस राहायला. भाड्याचे पैसे त्याने साठवले होते. फोनवर तिने एकच मागणी केली होती, "खिडकीची खुर्ची मिळेल ना? मधे बसवू नका मला." तिला कुठे फिरवायचं, कुठे उतरवायचं, हे आधी बघून यावं म्हणून खोलीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढून मिनीबस ठरवली आणि समुद्रावर जायला निघाले. रस्ता खराब होता, म्हणून मेहुण्याने निघताना गोदामातून गाडी ओढायला एक दोर घेतला. अख्खा होता, आणि दाजींच्या कपाटामागे जपून ठेवलेला होता. दाजी पुढच्या सीटवर बसला होता. मागे सामानाखाली काय आहे ते त्याने पाहिलं नाही.

किनाऱ्यावर गोरे पाहुणे उन्हात पडलेले. पेंटर थबकला. "आपण भाजून घ्यायचे पैसे घेतो, हे देतात. चुकतंय कोण?"

दाजी वरच्या बाजूला खोल्या बघायला गेला. एक खोली त्याला आवडली. खिडकीतून समुद्र दिसत होता, गादी जाड होती. त्याने गादीवर हात दाबून पाहिला आणि घरमालकिणीला खुणेने सांगितलं, की हीच.

खाली ड्रायव्हरने बस वाळूत घातली होती. चाकं आसापर्यंत रुतली. एक मालवाहू ट्रक मदतीला आला. मेहुण्याने दोर काढला, दोन्ही टोकं अडकवली, बाकीच्यांना बाजूला केलं. सगळं नीट केलं. पण ट्रकवाल्याला भाषा कळत नव्हती. तो फार वेगात ओढू लागला, तेव्हा त्याला हळू म्हणून खुणावायला मेहुणा दोन पावलं पुढे आला. ती दोन पावलं दोराच्या रेषेत होती.

दाजी उतारावरून येत होता. ताणलेली तार उन्हात चमकताना दिसली आणि तो धावत सुटला. बसबरोबर तारेचा दोर यायलाच नको होता. "ढिला सोडा," तो ओरडला. मग आवाज झाला, पत्र्यावर घण पडावा तसा. तुटलेलं टोक वाळू उडवत मागे आलं आणि मेहुण्याच्या मांडीवर बसलं. तो ओरडलासुद्धा नाही. पाय गुडघ्याच्या वर चुकीच्या बाजूला वळला होता आणि वाळू भराभर लाल होत होती. दाजीने कमरेचा पट्टा काढून मांडीला आवळला, इतका की बकल वाकलं. तुटलेल्या फासाकडे त्याने एकदाच पाहिलं. दोर ओळखायला तेवढं पुरलं.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, पाय काढणं स्वस्त आहे, ठेवणं महाग. दाजीने ठेवायला सांगितलं. हाडात सळई घातली. कमरेपासून टाचेपर्यंत प्लॅस्टर चढलं, सरळ, काठीसारखं.

शुद्धीवर आल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, दोर अख्खा होता."

"अख्खा होता. चांगला नव्हता."

"मग कापला का नाहीत?"

"मार खाल्ला होता."

मेहुण्याने जिभेने फुटलेल्या ओठाची खूण चाचपली. "मला मारलंत, तेव्हा मी समजलो की त्या माराचं तिथेच भागलं."

यार्ड उघडलं. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, दोर कंपनीचा होता, चोरून नेला, कंपनी एक पैसा देणार नाही. दाजी गोदामात गेला, दोर एकेक करून बाहेर ओढले, उजेडात धरून तपासले. त्यातले खराब होते ते वेगळे केले आणि कटर पेटवून मधोमध कापू लागला. मुकादम पाइप घेऊन आला. पहिला फटका दाजीने खांद्यावर घेतला. दुसऱ्याला कटर विझवून नीट खाली ठेवला, कारण जळता कटर टाकून देणारा माणूस कामगार नव्हे. तिसरा फटका यायच्या आधी पाइप त्याच्या हातात होता.

जोर मनगटातून लावला की हात दुखतो, खांद्यातून लावला की समोरच्याला लागतं. दाजीने खांद्यातून लावला. मुकादमाचा जबडा दोन ठिकाणी मोडला. तो पडल्यावरही दाजी थांबला नाही. पेंटर आणि आणखी दोघे त्याच्या कमरेला लटकले तेव्हा थांबला. मग पहारेकरी आले आणि त्यांनी दाजीला काठ्यांनी झोडपलं, दोन बरगड्या मोडेपर्यंत. कापलेल्या दोरांच्या तुकड्यांचे पोलीस फोटो काढून ठेवतील म्हणून साहेब घाबरले. पोलिसांना बोलावलं नाही. हिशेब करून दाजीला आणि मेहुण्याला मायदेशी जायला सांगितलं.

पेंटर फाटकापर्यंत आला. "दाजी, बरगड्यांना बांधून देऊ का काही? दोर आहे माझ्याकडे." दाजीला हसू आलं आणि हसल्याने बरगडी दुखली, म्हणून त्याने त्याला शिवी दिली.

विमान कंपनीने सांगितलं, पाय दुमडत नाही, तेव्हा या प्रवाशाला तीन खुर्च्या लागतील. दाजीने बायकोला फोन केला.

"तुझं येणं रद्द. आम्हीच येतोय."

तिने एकच शब्द विचारला. "मुद्दल?"

"दोन हात, दोन पाय. एक वाकत नाही."

"आणा," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही स्वतः धड आहात का?"

"बसता येतं."

शेवटचा पगार इस्पितळात गेला. बायकोच्या भाड्याला साठवलेल्या पैशांत एका रांगेतल्या तीन खुर्च्या आल्या आणि पलीकडच्या बाजूला मधली एक, दाजीची. त्या तिन्हींपैकी खिडकीची खुर्ची चांगली होती. पंखाच्या पुढची, समुद्र दिसणारी. तिच्यावर उशी ठेवून मेहुण्याची टाच टेकवली होती.