त्याचा पाय मी कापला

नाशिकला डॉक्टरकी शिकत होतो तेव्हा मी जिल्ह्याच्या संघात विकेटकीपर होतो. एका सामन्यात वेगवान गोलंदाजाचा चेंडू ग्लोव्हच्या टोकावर बसला आणि करंगळीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं. आमच्या सर्जरीच्या सरांनी ते बसवलं. "हात सांभाळायचेत की चेंडू अडवायचेत, एकदा ठरव," ते म्हणाले. मी काहीच ठरवलं नाही. सर्जन झालो, खेळतही राहिलो, आणि मग सैन्यात गेलो.

कारगिलची लढाई पेटली तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी तंबूत आमचं हॉस्पिटल होतं. तोफगोळ्याचा तुकडा माणसाचं काय करतो ते मी तिथे पाहिलं. वरून बूट यायचा आणि त्यात पाय असायचा.

एका दुपारी दोघांना एकदमच आणलं. एकाचं पोट फाटलं होतं, आतडी पट्टीखालून बाहेर येत होती. दुसऱ्याच्या नडगीचा चुरा झाला होता आणि पाऊल मांसाच्या एका पट्ट्यावर लोंबत होतं. तो मोठमोठ्याने ओरडत होता. ती बोली ऐकून मी दचकलोच. तो आमच्या सटाण्याकडचा होता.

"डॉक्टर, मना पाय शे ना?"

"आहे," मी म्हणालो. तेव्हा होताच.

नाशिकच्या हॉस्पिटलात असतो तर त्या पायासाठी रात्रभर झटलो असतो. इथे टेबल एक, रक्त थोडं, आणि पोट फाटलेला पोरगा डोळ्यांदेखत पांढरा पडत चाललेला. पाय कापायला काही मिनिटंच लागणार होती, म्हणून मी करवत मागितली. ती बघताच सटाण्याच्या जवानाला कळलं. त्याने उठून माझ्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटला, मास्क आतून ओला झाला. दोन जवानांनी त्याच्या छातीवर गुडघे रोवले तेव्हा कुठे कसंबसं भुलीचं इंजेक्शन देता आलं. तेवढ्यात मागे गोळा पडला. तंबू हादरला, धूळ उडाली. मी त्या धुळीतच पाय कापला.

मग पोट घेतलं. रक्त कुठून येतंय ते शोधत माझा हात मनगटापर्यंत आत होता, तशातच तो पोरगा गेला.

सैन्यातली मुदत संपल्यावर मी नाशिकला परतलो. दवाखाना थाटला, रविवारी पुन्हा ग्लोव्हज घातले. काही वर्षांनी सटाण्याला एक सामना होता. भर ओव्हरमध्ये एक कुबडीवाला माणूस सरळ पिचवर चालत आला. पंच ओरडले. तो थांबला नाही.

"तूच शे ना तो डॉक्टर?" म्हणत त्याने कुबडी फिरवली. माझी भुवई फाटली. मी खाली बसलो, तसा दुसरा फटका खांद्यावर बसला. आमची पोरं स्टंप उपटून धावली आणि त्याला आडवा पाडून तुडवायला लागली. नकली पाय पट्ट्यातून निसटून लांब जाऊन पडला. तेव्हा मी त्याला ओळखलं. ओरडून कोणी ऐकेना, म्हणून मी त्याच्या अंगावर पालथा पडलो. पुढच्या दोन-तीन लाथा मला बसल्या.

सगळे बाजूला झाल्यावर आम्ही दोघं तिथेच मातीत बसलो. माझ्या डोळ्यात रक्त उतरत होतं, त्याच्या नाकातून गळत होतं.

"वाचवता आला असता का?" त्याने विचारलं.

"नाशिकला असतो तर कदाचित. तिथे नाही. तुझ्या शेजारी पोट फाटलेला पोरगा होता. त्याला टेबल हवं होतं."

"तो वाचला?"

"नाही."

तो जमिनीवर मूठ आपटत राहिला, बोटांची सालटं निघेपर्यंत. "म्हणजे पाय फुकट गेला," तो म्हणाला. मी त्याची समजूत काढली नाही. मलाही कित्येकदा तसंच वाटलं होतं.

त्याचं थोटूक उघडं पडलं होतं. टोकाशी हाड वाढून कातडीला भोक पडलं होतं, पू येत होता. "नाशिकला ये, हे पुन्हा करावं लागेल," मी म्हणालो. आईवरून शिवी देऊन तो उठला.

तरी कांद्याचा हंगाम सरल्यावर तो आला. "या वेळी झोपवायचं नाही," एवढंच म्हणाला. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. मी हाडावर करवत चालवली तेव्हा पडद्यापलीकडून आवाज आला, "तेव्हा पण असाच आवाज आला होता?"

"हो."

"चालू द्या, डॉक्टर."

जखम नीट भरली. नवा पाय बसला. तो मला कधी धन्यवाद म्हणाला नाही, आणि माफ केलं असंही म्हणाला नाही. कांदा घेऊन नाशिकला आला आणि आमचा सामना असला की मात्र सीमारेषेजवळ उभा राहायचा आणि आमच्या गोलंदाजांना मनसोक्त शिव्या घालायचा.