बांधलेला डावा हात

तिसऱ्या खेपेला प्राची आली तेव्हा तिचा डावा हात फ्रॉकच्या आत होता. रिकामी बाही नुसती लोंबत होती. हाड मोडलं की काय, म्हणून मी खुर्चीतून उठलेच.

"कुठे पडली?"

"पडली नाय बाई," तिचे आजोबा म्हणाले. "बांधलाय."

मी फ्रॉकची बटणं काढली. जुन्या धोतराची मऊ पट्टी मनगटाला गुंडाळून कमरेशी बांधली होती. वळ उठू नये म्हणून पट्टीखाली कापूस ठेवला होता. इतक्या मायेने कोणी कोणाला बांधलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"हे करायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

आजोबा जरा गोंधळले. "तुमीच की."

मी लहान मुलांची डॉक्टर. दोन हजार सालच्या आसपास वसई गावात बाजाराजवळ माझं क्लिनिक होतं. प्राची खाडीकडच्या एका शेतकरी घरातली. वडील कंपनीत, आई सकाळपासून भाजी घेऊन बाजारात, त्यामुळे तिला सायकलवर पुढे बसवून आजोबाच आणायचे. मुलगी सात वर्षांची आणि वजन चौदा किलो. त्या वयाला वीसच्या पुढे हवं. पोट पुढे आलेलं, हातापायांच्या काड्या, ओठ पांढुरके. वर्षभर अधूनमधून जुलाब चालू होते. लोहाच्या बाटल्यांवर बाटल्या संपल्या, पण अंगी काही लागत नव्हतं.

पहिल्या खेपेला मी जंताचं औषध दिलं. आणि त्या काळी आम्ही सगळेच सांगायचो तसं सांगितलं, "पोट बिघडलं की तेलकट नको. टोस्ट, बिस्किट असं हलकं द्या."

दुसऱ्या खेपेला काटा जागचा हलला नव्हता. मी विचारात पडले. प्राची माझ्या टेबलावरच्या कागदावर मासा काढत बसली होती, डाव्या हाताने. त्याच आठवड्यात मी कुठल्याशा वैद्यकीय मासिकात एक लेख वाचला होता. आपल्या शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा कधीकधी आपल्याच शरीरावर उलटते. असे आजार डावखुऱ्या लोकांत किंचित जास्त दिसतात, असं काही संशोधकांचं म्हणणं होतं. त्यात आतड्याचा सीलिअॅक नावाचा आजारही होता. बाकीच्यांना तसं काही आढळलं नव्हतं. जे संबंध आहे म्हणत होते, तेसुद्धा हाताला दोष देत नव्हते. दोन्हींचं मूळ जन्माआधी कुठेतरी एकच असेल, एवढीच त्यांची शंका होती.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "डावखुरी आहे वाटतं. डावखुऱ्यांना पोटाचे काही आजार जास्त होतात म्हणतात." पुढे मी रक्ताच्या काही साध्या तपासण्या लिहून दिल्या, ज्यांत काही निघालं नाही, आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. मी माझं वाक्य विसरले. आजोबा ते घरी घेऊन गेले.

"मला पैल्यापासून वाटत होतं बाई," ते आता सांगत होते. "डाव्या हातानं खाल्लं का हिचं पोट बिघडतं. वरीसभर बघतोय. घरात कोनी ऐकत नव्हतं. तुमी बोललात तवा बरं वाटलं."

मला राग आला होता. पण तो कोणावर काढणार? माझंच वाक्य त्या पोरीच्या मनगटाला बांधलेलं होतं. मी मुकाट्याने गाठ सोडली आणि तिला काट्यावर उभं केलं. चौदा किलो सहाशे.

मी तिला उतरवून परत उभं केलं. काटा तेच म्हणत होता.

"जुलाब?"

"पंधरा दिसांत एकदाच."

सगळी औषधं देऊन मला जे जमलं नाही ते धोतराच्या पट्टीने केलं होतं. आजोबांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव मात्र नव्हता. नात सहाशे ग्रॅमने वाढली, एवढ्याने त्यांचे डोळे भरून आले होते.

मी खुर्ची पुढे ओढून प्राचीलाच विचारलं, "भात कोणत्या हाताने खातेस?"

"उजव्या."

"आजोबा समोर नसले तरी?"

"भात उजव्यानीच. नायतर आई मारते."

"मग डाव्या हाताने काय खातेस?"

"बिस्कुट. टोस. पाव पन."

आजोबांनी खुलासा केला. भात-कालवण म्हणजे जेवण, ते उजव्याच हाताने. कोरड्या खाण्याला हाताचा नियम नाही. पोर अशक्त म्हणून तिचे वडील दर दोन दिवसांनी टोस्ट आणि बिस्किटं आणायचे. तो डबा तिच्याच ताब्यात. पोट बिघडलं की माझ्या सल्ल्याप्रमाणे अजून टोस्ट.

"आणि हात बांधल्यावर?"

"मी भरवतो ना. भात नि कालवन. बिस्कुट माज्या हातचं खाईत नाय. डबा एका हातानं उघडत नाय, नि उजव्यात दिलं तर डाव्यानंच पायजे म्हनून रुसते."

म्हणजे आजोबांचं बरोबर होतं. या घरात डावा हात म्हणजे गहू आणि उजवा हात म्हणजे तांदूळ. वर्षभर ते हाताकडे बघत होते आणि हातात काय आहे ते कोणीच बघितलं नव्हतं, मीसुद्धा.

सीलिअॅकमध्ये गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने लहान आतड्याचं अस्तर खराब होतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. उपाय एकच, गहू आणि जव जन्मभर बंद. हा उत्तरेकडच्या पोळी खाणाऱ्यांचा आजार, असं आम्ही शिकलो होतो. दोन वेळा भात खाणाऱ्या घरात तो मी शोधलाच नाही.

मी लगेच रक्त काढलं. ते तपासायला मुंबईला गेलं, आणि पाठोपाठ प्राचीलाही तिथल्या पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुर्बीण घालून ते आतड्याचा बारीक तुकडा काढणार होते. तोपर्यंत टोस्ट चालू ठेवा, असं मी आजोबांना बजावलं. पोटात गहू असला तरच तपासणी खरं बोलते. आणि हात मोकळा ठेवा, हेही बजावलं.

पहिलं त्यांनी ऐकलं. दुसरं नाही. घरी जाऊन त्यांनी पट्टी परत बांधली.

रिपोर्ट घेऊन आले तेव्हा प्राची मरगळलेली होती आणि बाही पुन्हा रिकामी होती. रिपोर्टमध्ये सीलिअॅक असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण आजोबा स्वतःशीच हिशेब जुळवत होते.

"हात बांधलेला," ते सावकाश म्हणाले. "टोस दुधात बुडवून मी भरवले. माज्या उजव्या हातानं. तरी पोट बिघडलं, रोजच्या रोज." त्यांनी रिकाम्या बाहीकडे बघितलं. "म्हनजे हात नव्हता, बाई."

"नव्हता, आजोबा. आणि ते वाक्य माझं होतं. चूक माझी आहे."

खाली वाकून त्यांनी गाठ सोडायला घेतली. हात सुटला तरी प्राचीने तो पाठीमागेच धरला.

"हा वाईट नाय?" तिने मला विचारलं.

"नाही गं. चांगला आहे. मासा काढतो ना तो?"

तिने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले. मलाही चष्मा काढावा लागला.

पुढचं सगळं मी तिच्या आईवडिलांना समोर बसवून समजावलं. पोळी, पाव, बिस्किट बंद. तांदळाची भाकरी, नाचणी, ज्वारी खुशाल द्या. तळायच्या माशाला रवा लावू नका, तांदळाचं पीठ लावा. बाजारच्या हिंगातही मैदा असतो, तोही नको. पूर्वीच्या माणसांसारखं जेवा, एवढाच त्याचा अर्थ, असं मी म्हटल्यावर आजोबा पहिल्यांदा हसले.

चार महिन्यांनी ते आले ते सोनचाफ्याची फुलं घेऊन. प्राची सायकलवरून स्वतः उडी मारून उतरली. वजन सतरा किलो. फुलं तिने मला डाव्या हाताने दिली. आजोबांनी बघितलं, पण तिला टोकलं नाही.

"भात कोणत्या हाताने?" मी हळूच विचारलं.

"घरात डाव्यानी. लग्नात उजव्यानी."

"आणि ती पट्टी?"

"फाडून चार केल्या," आजोबा म्हणाले. "एक कनकेच्या डब्याला बांधलीय, एक हिंगाच्या डबीला, एक रव्याला, एक टोसच्या डब्याला. तिला वाचता नीट येत नाय अजून. पट्टी दिसली का हात लावायचा नाय, येवढं कळतं."

आजोबांनी पाहिलेलं शंभर टक्के खरं होतं. कारण तेवढं चुकलं, आणि ते पुरवलं मी. डावखुरेपण आणि या आजाराचं काही नातं आहे का, याचा पक्का निकाल माझ्या माहितीप्रमाणे अजून लागलेला नाही. लागेल तेव्हा लागेल. अर्धवट वाचलेलं आता मी पेशंटसमोर बोलत नाही. आणि डाव्या हाताने खाल्लं की मुलाला त्रास होतो, असं कोणी सांगितलं तर हसतही नाही. त्या हातात काय होतं, ते विचारते.