शेंडेफळाची गोधडी

त्या दिवशी सुईबाईच्या पायाला भिंगरी लागली होती. हॉटेलच्या धुलाईखान्यात ती फाटक्या चादरी सांधायची, म्हणून सगळे तिला सुईबाई म्हणत. तापानं फणफणली तरी कामाला जाणाऱ्या या बाईनं चक्क रजा काढली होती. तिचं शेंडेफळ नोकरीसाठी दूरच्या शहरात निघालं होतं, आणि मुलींच्या लहानपणच्या कपड्यांची गोधडी शिवून तिला सोबत द्यायची होती. मदतीला थोरली आणि मधली सासरहून आल्या होत्या. मदत कसली म्हणा, नुसता गोंगाट!

ट्रंक उघडली मात्र, एकच कालवा झाला.

“अगं बाई, माझा टिपक्यांचा फ्रॉक!” थोरली ओरडली.

“तुझा कसला? याच्यावर शाई मी सांडली होती!” मधलीनं तो हिसकावला.

“सांडलीस तू, पण घेतला होता कुणासाठी?”

स्वेटर निघाला, थोरलीचा. शाळेचा झगा निघाला, तोही थोरलीचा. मधली म्हणे माझाच. सुईबाईची कात्री चालू होती. हाताला लागलेली सवय अशी, की जुनं कापड हाती आलं की ती आधी त्यावरची ठिगळं उसवायची, बाजूला भिरकावायची आणि मग धड भागाचे चौकोन कापायची. बघता बघता चौकोनांची चळत उभी राहिली. तिला कोण आनंद झाला होता!

इतका वेळ हसत बसलेल्या धाकटीनं सहज विचारलं, “आई, यातलं माझं काय गं?”

सुईबाईची कात्री थांबली. ती चळत पुन्हा चाळू लागली. हा थोरलीचा. हाही. हा मधलीचा, मावशीनं तिला आणलेला. घरात नवं कापड यायचं थोरलीला, मग ते मधली वापरायची, आणि मधलीनं दमवून सोडलेलं धाकटीच्या अंगावर चढायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र सुईबाईला ते खुपलं. पोरगी घर सोडून चालली आणि तिला पांघरायला द्यायचं ते बहिणींचं? ती ट्रंकेत पार खांद्यापर्यंत शिरली. तळाशी एक मोजा निघाला, तोही थोरलीचाच.

“राहू दे गं, मी गंमत केली,” धाकटी म्हणाली आणि पसारा आवरायला उठली. बाजूला भिरकावलेल्या ठिगळांचा ढीग तिनं ओंजळीत घेतला, आणि किंचाळलीच.

“आई! हे टाकतेस? हे विजारीचं ठिगळ, माझ्या गुडघ्यावरचं!”

“हे कधी होतं?” मधली बुचकळ्यात पडली. “माझ्या वेळी ती विजार धड होती.”

“माझ्याही वेळी,” थोरली म्हणाली.

“तेच तर! फाटायची ती माझ्या वेळी. हे कोपराचं, तुझ्या निळ्या ड्रेसचं ना, आई? आणि हे बाबांच्या पँटचं.”

चहाचे कप घेऊन आलेले बाबा दारातच थबकले. “ही माझी लग्नातली पँट! उंदरांनी खाल्ली म्हणाली होतीस! मी पिंजरा आणला होता!”

चौघी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. हसता हसता सुईबाईचे डोळे कधी भरले, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं चौकोनांची चळत बाजूला सारली आणि सगळी ठिगळं जमिनीवर मांडली. तिचा निळा ड्रेस, त्यांची पँट, उशीचा जुना अभ्रा, धुलाईखान्यातला तिचा एप्रन. प्रत्येकाच्या कडेला तिचेच टाके.

मशीन जे धडधडू लागलं ते संध्याकाळीच थांबलं. आतून बहिणींचे चौकोन आणि वर नुसती ठिगळं, अशी गोधडी तयार झाली.

“निळ्यातलं एक मला दे ना गं,” थोरली लाडात आली. “आईच्या ड्रेसचं आहे.”

धाकटीनं गोधडी छातीशी गच्च धरली.

“मुळीच नाही,” ती म्हणाली. “हे पहिल्यापासून माझं आहे.”